कोप्यांवरची प्रार्थना



मी तुमच्या बांधावर आलो म्हणजे तुम्ही मला हुमणीचे विचारता, तांबेऱ्याचे विचारता, पीकविम्याचे विचारता. मला येते तेवढे मी सांगतो. पण गेल्या मार्गशीर्षात एका बागाईतदाराने उसाला पाणी देता देता मला निराळेच विचारले. खोऱ्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून तो म्हणाला, "भाऊसाहेब, रविवारी तुम्ही त्या ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवर जाता, अन् आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करता म्हणं. तुम्ही राहुरीला बीएस्सी झालेले. आम्हाला सांगता, आधी माती तपासा अन् मग खत टाका. मग हे कसं काय?"

मी हसून वेळ मारून नेली. पाणी दुसऱ्या सरीत फुटले होते, तोही तिकडे धावला. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. तुमच्यातल्या पुष्कळांच्या मनात तो असणार, फक्त त्याने तोंडावर विचारला. म्हणून आज त्याचे उत्तर लिहून देतो. ते सरळ नाही, आणि त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगावी लागेल.

आधी घरचे सांगतो. मी ख्रिस्ती घरातला. आमच्या नगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आले. तेव्हा आमच्या भागातली कित्येक ख्रिस्ती घरे चार-पाच पिढ्यांची आहेत. भाषा तुमचीच, भाकरी तुमचीच, आणि भजनही तुमच्याच चालीचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आम्हाला अभंग दिले. आमची आजी ते टाळ घेऊन म्हणू लागली की परगावच्या पाहुण्याला वारकऱ्याच्या ओट्यावर बसल्यासारखे वाटे.

या आजीच्या देवळीत खोबरेल तेलाची एक लहान बाटली असायची. वस्तीत कोणाचे मूल तापले की आई त्याला उचलून आमच्याकडे आणी. आजी मुलाच्या कपाळाला तेलाचे बोट लावी, डोक्यावर हात ठेवी आणि डोळे मिटून पुटपुटे. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, आजाऱ्याने मंडळीतल्या वडील माणसांना बोलवावे व त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. आजीला वाचता येत नव्हते, पण हा आधार तिला ठाऊक होता. प्रार्थना झाली की ती त्या आईला म्हणे, "आता ऊठ, अन् मिशनच्या दवाखान्यात जा. तुझ्या शेरडांकडं मी बघते." या दुसऱ्या वाक्याकडे माझे कधी लक्षच गेले नाही. त्याची किंमत कळायला मला पन्नाशीजवळ यावे लागले.

आता कोप्यांचे. तुम्हाला त्या नवीन नाहीत. दिवाळी झाली की बीडकडून, पाथर्डी-जामखेडकडून टोळ्या येतात. कालव्याच्या कडेला, कारखान्याच्या माळावर एका रात्रीत गाव उभे राहते. बांबू वाकवायचे, वर पाचट, त्यावर ताडपत्री, झाली कोपी. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत माणसे नसतात, कोयते असतात. उन्हाळ्यात घेतलेली उचल फिटेपर्यंत ताप आला काय अन् पाठ मोडली काय, कोयता चालला पाहिजे. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत नेऊन टाकते आणि अंधार पडल्यावर येऊन पुन्हा चूल पेटवते. तुम्ही तिला तुमच्या फडात पाहिलेली आहे. मीही पाहत होतो, वर्षानुवर्षे. पण माझे काम उसाशी होते.

२००९ साली आमच्या पाळकसाहेबांनी ठरवले की हंगामात दर रविवारी संध्याकाळी तिथे जायचे. मंडळीतले सहा-सात जण तयार झाले. एक निवृत्त परिचारिका, त्यांना आम्ही सगळे सिस्टरबाई म्हणतो. एक शिक्षक आणि त्यांची पत्नी. ढोलकी उत्तम वाजवणारा एक गवंडी. आणि मी. मला घेतले ते कंदील धरायला आणि मोटारसायकल चालवायला, हे खरे आहे. प्रार्थना करण्यात मी कधी पुढे नव्हतो.

सकाळी जाऊन उपयोग नाही, कारण गाळपाला रविवार नसतो. म्हणून सात वाजता जायचे, चुली पेटलेल्या असताना. आधी दोन भजने होतात. ढोलकी वाजली की पोरे गोळा होतात, पोरांमागून आया येतात, पुरुष लांब बिडी ओढत बसतात. मग सिस्टरबाई विचारतात, कोणाला काय होतंय. एकेक जण पुढे येतो. पाठ धरली आहे. पोराला जुलाब थांबत नाहीत. पाळी जातच नाही. नवरा पितो. झोप लागत नाही. म्हातारी गावाकडे एकटी आहे, तिचा फोन लागत नाही. या सगळ्यासाठी आम्ही हात ठेवून प्रार्थना करतो. बाईच्या डोक्यावर बाईच हात ठेवते, एवढा नियम पहिल्यापासून आहे.

आता तुमच्या मनातला दुसरा प्रश्न मीच बोलून टाकतो. हा माणूस सरकारी नोकर, आणि गरिबांना बाटवायला जातो की काय? सरकारी गाडी मी कधी तिकडे नेली नाही, आणि कोयत्याच्या माणसाला माझ्या खात्यातून द्यावे असे काही माझ्या हाती नसते. आमच्या गटातल्या एकदोघांना वाटते, की या लोकांनी प्रभूकडे यावे. वाटणे हा त्यांचा प्रश्न आहे. पण कोपीवर कोणाला नाव बदल म्हणायचे नाही, तांदूळ-कपडे वाटायचे नाहीत, ज्याच्या कोपीत खंडोबाचा टाक आहे त्याच्या टाकाकडे बोट दाखवायचे नाही, हे पाळकसाहेबांनी पहिल्याच रविवारी बजावले होते. मी इतक्या वर्षांत तिथे एकाचाही बाप्तिस्मा झालेला पाहिलेला नाही.

आणि बरे होण्याचे काय? जे पाहिले तेच सांगतो. वाळलेला पाय सरळ झालेला मी पाहिला नाही. आंधळ्याला दिसू लागलेले पाहिले नाही. एका बाईला चार महिन्यांनी पहिल्यांदा रात्रभर झोप लागली, ते तिने दुसऱ्या रविवारी येऊन सांगितले. एकाने दारू सोडली ती दोन हंगाम टिकली, तिसऱ्याला परत धरली. खांद्यावर हात पडताच मोठमोठे गडी रडतात, हे तर नेहमीचेच. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. या माणसांना वर्षातले सहा महिने कोणी नावाने हाक मारत नाही. "तुला काय होतंय" असे विचारणारा भेटला की निम्मा भार तिथेच उतरत असावा. यात देव आहे असे मी मानतो. तुम्ही मानू नका हवे तर. पण बाईला झोप लागली, हे खरे.

इथपर्यंत सगळे बरे होते. आता ते २०१५ चे.

त्या हंगामात बालाघाटाच्या डोंगराकडची एक बाई टोळीबरोबर आली होती. तिशीच्या आतबाहेरची, पदराला पाच वर्षांची मुलगी. दिवाळीच्या सुमारास गावाकडे तिला क्षयरोग निघाला होता आणि औषध सुरू झाले होते. तेव्हा क्षयाच्या गोळ्या एक दिवसाआड असत. सिस्टरबाईंनी धावपळ करून तिचे औषध इकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणवले. पहिले दोन महिने पुरे झाले. खोकला गेला, ताप गेला, अंगावर थोडे मांस आले. पुढच्या चार महिन्यांच्या गोळ्या चालू होत्या. आठवड्याची पट्टी ती कनवटीला बांधून फडात जायची.

जानेवारीतल्या एका रविवारी सिस्टरबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि पाळकसाहेबांना दुसऱ्या गावी अंत्यविधीला जावे लागले. त्यांच्या जागी बाहेरगावचा एक उपदेशक पाहुणा म्हणून आला. त्याचे नाव सांगत नाही. माणूस वाईट नव्हता. आवाज खणखणीत, बोलणे असे की पुरुषही बिड्या टाकून जवळ येऊन बसले. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, आणि विचारले, "आता खोकला आहे का?" ती म्हणाली, "न्हाई." ताप? "न्हाई." मग तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, की देवाने हिला बरे केले आहे. जो बरा झाला त्याने पुन्हा गोळी खाणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे.

तिने कनवटीची पट्टी सोडली आणि त्याच्या पायाशी ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बंधुभगिनींनो, कंदील माझ्या हातात होता. तिथे जमलेल्यांत, खोकला थांबणे म्हणजे रोग जाणे नव्हे हे ज्याला नक्की ठाऊक होते असा एकटा मीच होतो. तुम्हाला हे मी किती वेळा सांगितले आहे! कपाशीवर औषधाची मात्रा निम्मी करू नका, फवारणी मध्येच सोडू नका. कच्ची अळी मरते, कणखर उरते, आणि तिची पिल्ले त्या औषधाला दाद देत नाहीत. हिरव्या बोंडअळीने आपल्या डोळ्यांदेखत एकेक औषध पचवले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची काय दशा केली ती तुम्ही भोगली आहे. क्षयाच्या जंतूचे गणित अगदी हेच. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून माणसाला बरे वाटते. उरलेले चिवट जंतू मारायला पुढचे चार महिने असतात. मी हे बांधावर उभा राहून शंभरदा बोललो होतो. त्या रात्री बोललो नाही.

का नाही बोललो? तो पाहुणा होता, मी कंदीलवाला. चारचौघांत त्याचा अपमान कसा करायचा? आणि ती बाई इतकी आनंदात होती, की ते चेहऱ्यावरचे पुसायला धजावलो नाही. आणखी एक कारण आहे, ते सांगायला जड जाते. क्षणभर मलाही वाटले, की असेलही. बीएस्सी झालो तरी कुठेतरी मलाही चमत्कार हवा होता. उद्या येऊन तिला एकटीला गाठून सांगू, असे मनाशी म्हटले. ती पट्टी उचलून खिशात मात्र ठेवली.

सोमवारी तालुक्याला बैठक होती. मंगळवारी एका गावी शिवारफेरी होती. बुधवारी गेलो, तर टोळी दुसऱ्या गटाला हलली होती. चौकशी केली, पण वेड लागल्यासारखी केली नाही, जशी करायला हवी होती. सिस्टरबाई आल्यावर त्यांना सांगितले ते असे, जणू काही मला उशिरा कळले.

मार्चच्या शेवटी ती भेटली. भर उन्हात मोळी उचलताना तिच्या तोंडातून रक्त आले म्हणून फडाच्या मालकाने आपल्या जीपमधून तिला ग्रामीण रुग्णालयात नेले होते. थुंकी तपासली. मुख्य औषधालाच जंतू दाद देत नाहीत असे निघाले. पुढचा उपचार दोन वर्षांचा, आणि त्यात पहिले कित्येक महिने रोज इंजेक्शन. त्या काळी तेच औषध होते. त्याने जंतू मरत, पण काहींच्या कानांवर परिणाम होई.

मी डॉक्टरांना विचारले, हे गोळ्या सोडल्यामुळेच झाले का? ते म्हणाले, कदाचित. कदाचित जंतू पहिल्यापासूनच तसे असतील, आता सांगता येणार नाही. हा 'कदाचित' मी उचलला आणि दोन वर्षे त्याच्या आड बसलो. रविवारी कोप्यांवर जात होतो, कंदील धरत होतो. तिच्या गावी जायला मात्र पाय निघत नव्हता.

२०१७ च्या मे महिन्यात गेलो. सिस्टरबाईच म्हणाल्या, जाऊन या, नाहीतर रविवारी येऊ नका. डोंगरातली वाडी, टँकरचे पाणी, पत्र्याचे घर. ती अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होती. जगली होती. औषध पुरे होत आले होते. मी शेजारी बसलो आणि, अशा गोष्टी जशा बोलतात तशा खाली मान घालून हळू आवाजात म्हणालो, की त्या रात्री मी तिथे होतो, मला ठाऊक होते, मी बोललो नाही, मला माफ करा.

ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. सासू दारातून म्हणाली, "जोरात बोला. तिला ऐकू येत न्हाई आता."

मग मला ते ओरडून सांगावे लागले. शेजारच्या दोन घरांतली माणसे बाहेर आली. पोरे खेळायची थांबली. एकदा सांगून तिला अर्धेच कळले, म्हणून सासूने मला पुन्हा सांगायला लावले. माझी चूक मी त्या वाडीत दोनदा ओरडून सांगितली.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तव्हा बोलाय पाहिजे व्हतं." तिचाही आवाज मोठा होता, ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा असतो तसा. एवढे बोलून ती उठली आणि चहा ठेवायला गेली. निघताना तिनेच म्हटले, प्रार्थना करून जा. तिच्या डोक्यावर सासूचा हात ठेवून मी प्रार्थना केली. काय बोललो ते आठवत नाही. तिला ते ऐकू गेले नसणार.

परत आल्यावर मी मंडळीत उभा राहून हे सगळे सांगितले. तिथे मोठे भांडण झाले. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "गोळीच बरे करणार असेल, तर आपण तिथे जायचे कशाला?" दुसरे म्हणाले, माझा विश्वास कमी पडला, म्हणून बाईचे बरेपण टिकले नाही. हे मला फार लागले, कारण माझ्या मनात ते येऊन गेले होते. पाळकसाहेब गप्प होते. शेवटी सिस्टरबाई उठल्या. त्या म्हणाल्या, प्रभू येशूने सांगितलेल्या गोष्टीत वाटेत पडलेल्या जखमी माणसाला शोमरोनी माणसाने काय केले? जखमांना तेल-द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर घातले, खाणावळीत नेले आणि पैसे भरले. त्याने प्रार्थना केली की नाही, हे लिहिलेलेच नाही. यावर कोणी काही बोलले नाही, पण त्यानंतर दोन घरे आमच्याबरोबर यायची थांबली. अजून येत नाहीत. त्या उपदेशकाला आम्ही पुन्हा बोलावले नाही, एवढेच.

तेव्हापासून कोपीवर डोक्यावर हात ठेवण्याआधी सिस्टरबाई विचारतात, "कोणतं औषध चालू आहे? काढ, बघू दे." पिशवीतून काय काय निघते! कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून महिना झालेला. कोणी फिटच्या गोळ्या एकाआड एक खातो, पुरवून पुरवून. क्षयाच्या औषधाने लघवी तांबडी होते, ते रक्त समजून एकाने भीतीने गोळ्या सोडल्या होत्या. त्याला फक्त एवढेच कोणी सांगितले नव्हते, की हा औषधाचाच रंग आहे. हे सगळे बघून होईपर्यंत अर्धा तास जातो, आणि प्रार्थना त्यानंतर पाच मिनिटांची. आमचा गवंडी म्हणतो, आता ढोलकीपेक्षा पिशव्याच जास्त वाजतात.

२०१९ च्या हंगामात एका पोराला पाचट ओढताना घोणस चावली. नेमके आम्ही तिथे होतो. शिक्षकमहाशय गुडघे टेकून प्रार्थनेला लागले, आणि बायका भोवती जमल्या. सिस्टरबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की मी तो आवाज विसरणार नाही. "जीपमध्ये बसून करा!" केली. सगळी वाट शिक्षक पोराचा हात धरून प्रार्थना करत होते आणि मी हॉर्न वाजवत होतो. दवाखान्यात सापाच्या विषावरची लस मिळाली, पोर वाचले.

कायद्याचेही सांगून ठेवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. ज्या प्रार्थनेने कोणाला इजा होत नाही, तिला कायद्याची आडकाठी नाही. आमच्यातल्या काहींना या कायद्याचा राग येतो. मला येत नाही. त्या जानेवारीत कोणीतरी मला बोलायला भाग पाडायला हवे होते.

आणि प्रार्थना व औषध एकत्र नांदत नाहीत असे कोणी म्हणाले, तर त्याला आमच्या जामखेडला पाठवा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तिथे आले. त्यांनी गावोगावच्या निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्या बायांनी गावे बदलली. त्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दोघेही नाहीत, काम आहे. आजीच्या देवळीतली बाटली आणि जामखेडचा दवाखाना यांत मला तरी भांडण दिसत नाही.

आता माझे तुमच्यापाशी एक काम आहे. तुम्ही ऊस लावता, तोडणीला टोळी तुमच्याच फडात उतरते. तुमच्या विहिरीवर पाणी प्यायला आलेले माणूस दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकत असेल, तर त्याला थुंकी तपासायला आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवा. तपासणी फुकट, औषध फुकट. २०१७ पासून गोळ्या रोज घ्यायच्या असतात. उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी सरकार दरमहा पैसे देते. २०१८ साली ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० आहेत. कोणी आधीच औषध घेत असेल, तर त्याचे कार्ड पाहा. गाव सुटले म्हणून औषध सुटत नाही, ते इकडच्या केंद्रात पुढे चालू होते. कोणीतरी जाऊन सांगायला मात्र लागते, आणि कोयत्यावरच्या माणसाला त्यासाठी अर्धा दिवस मिळत नाही. मुकादम देत नाही. तुम्ही म्हणालात तर देईल, कारण फड तुमचा आहे. चिवट क्षयालाही आता ती कान घालवणारी इंजेक्शने बहुतेक द्यावी लागत नाहीत, गोळ्यांवर भागते. तिच्या वेळी ते नव्हते.

तो बागाईतदार परवा पुन्हा भेटला. "भाऊसाहेब, उत्तर राहिलं," म्हणाला. मी त्याला रविवारी सातला ये म्हटले. आला. हात जोडून लांब उभा राहिला, भजनाला बसला नाही. सिस्टरबाईंनी एका म्हातारीची पिशवी उघडली तेव्हा उजेड कमी पडत होता, कारण माझा कंदील आता जुना झाला आहे. तो पुढे आला, त्याने आपल्या मोबाईलचा दिवा लावला आणि गोळ्यांच्या पट्टीवरची नावे एकेक करून वाचून दाखवू लागला.